रेड टेल आणायच्या आधी

मनू, तुझा मेसेज वाचला आणि तुझं मन कुठे गुंतलंय ते लगेच कळलं. कुर्ल्याच्या बाजारात रेड टेल कॅटफिशचं पिल्लू पाहून भुलणारी तू काही पहिली नाहीस. बोटाएवढा जीव, काळसर पाठ, कडेने तोंडापासून शेपटीकडे गेलेला पांढरा पट्टा, शेपटीवर तांबूस छटा. आणि त्या लांब मिशा! त्यांनी तळ चाचपत तो टाकीभर हिंडतो, तेव्हा आपणही तिथेच खिळून उभं राहतो. वेगळा मासा हवासा वाटण्यात काहीच गैर नाही गं. पण हा मासा घरी आणू नकोस.

हा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोसारख्या अफाट नद्यांतला. पूर्ण वाढला की एक मीटरच्याही पुढे जातो, ४० किलोंवर वजन भरलेल्या माशांच्याही नोंदी आहेत. तुझी टाकी तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच, म्हणजे काठोकाठ भरली तरी जेमतेम १९० लिटर पाणी. नीट खायला मिळालं तर हे पिल्लू वर्षभरातच फुटाच्या घरात जातं. त्यानंतर त्याला तुझ्या टाकीत धड वळताही येणार नाही.

दुकानात तुला सांगतील, ‘मॅडम, मासा टाकीएवढाच वाढतो.’ यावर अजिबात विश्वास ठेवू नकोस. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते, कारण तो आजारी पडत असतो. त्याच्याच विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया पाण्यात साचतो, अंग हलवायला जागा नसते, कणा वाकडा होऊ शकतो. बरेचसे मासे वय होण्याआधीच मरतात. त्याला ‘टाकीत मावला’ म्हणणं मला पटत नाही.

शिवाय तुझ्या टाकीतल्या निऑन आणि गप्पी माशांचं काय? रेड टेलचं तोंड डोक्याइतकंच रुंद असतं आणि त्यात मावेल ते तो गिळतो. दिवसा शांत बसलेला दिसेल, पण खरा जागा होतो रात्री. पाळलेल्या रेड टेलनी खडे, प्लास्टिकची झाडं, अगदी हीटरसुद्धा गिळल्याची उदाहरणं आहेत.

आणि आयुष्य! नीट सांभाळला तर पंधरा वर्षं सहज जगतो. तुझा चिंटू आत्ता दुसरीत आहे. तो कॉलेजातून बाहेर पडेल तेव्हाही हा मासा घरात असेल. तोवर तुम्ही घर बदलाल, भावोजींची बदली होईल, पाणीकपात येईल. एवढा मोठा मासा मग द्यायचा कुणाला? ब्रिटनमधल्या सार्वजनिक मत्स्यालयांकडे लोक असे वाढलेले मासे इतके आणून देऊ लागले, की शेवटी ‘हे मासे विकत घेऊच नका’ अशी मोहीम त्यांना चालवावी लागली. कुणी म्हणेल, तळ्यात सोडून दे. ते तर मुळीच करायचं नाही. टाक्यांमधून बाहेर गेलेला सकर मासा आज आपल्या उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात येतोय. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात ती वेगळीच.

मग हौस मारायची का? छे! आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला उलटा पोहणारा कॅटफिश बघ. अपसाइड डाउन कॅटफिश म्हणून माग. जेमतेम १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि खरोखर पोट वर करून पोहतो. लाकडाच्या किंवा रुंद पानाच्या खालच्या बाजूला उलटा चिकटल्यासारखा थांबतो आणि रात्री पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे टिपतो. गंमत बघ, बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं, पण याचं पोटच जास्त गडद, कारण वरून दिसतं ते पोट! चार-पाच तरी एकत्र घे, एकटा बुजून राहतो. उजेड मंद ठेव आणि लपायला लाकूड, मडक्याची खापरं दे.

घेताना मात्र चौकस राहा. याच्याच जातकुळीतले, फूटभर वाढणारे मासे लहानपणी याच नावाने खपवले जातात. दुकानदाराला शास्त्रीय नाव विचार. सिनोडॉन्टिस नायग्रिव्हेन्ट्रिस असं उत्तर आलं तरच पैसे काढ. नाव सांगता येत नसेल तर तशीच परत ये. आणखी एक, हे मासे जाळीने पकडू देऊ नकोस. कल्ल्यांमागचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. सरळ डब्यात घ्यायला सांग. या माशांना खवले नसतात, त्यामुळे टाकीत कुठलंही औषध घालायचं झालं तर आधी मला फोन कर.

येत्या रविवारी बाजारात जाशील तेव्हा मासे आणू नकोस, फक्त लाकूड आण. ते भिजत घाल, त्याचा पिवळा रंग उतरू दे, टाकीत नीट बसव. मासे त्यानंतर.