शेवेचा पुडा आणि चातुर्मासातलं वांगं

चि. छोटीस,


तुझा मेसेज वाचला. चारशे ग्रॅमचा लसूण शेवेचा पुडा रात्री एकटीनं संपवलास, रिकामा पुडा रूममेटला दिसू नये म्हणून ऑफिसच्या बॅगेत घालून बाहेर नेलास, आणि मग मला विचारलंस, ‘मावशी, माझ्यात काही बिघडलंय का गं?’ शेव संपली याचं मला फारसं काही वाटलं नाही. पुडा लपवावासा वाटला, याचं मात्र फार वाईट वाटलं. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आयुष्यभर आहारशास्त्र शिकवलं, त्यातलं तुझ्या कामाचं सांगते. काही आपल्या घरातलंही सांगायचं आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्यात काही बिघडलेलं नाही. शेव हा पदार्थच असा आहे की हात थांबू नये. बेसनाचं पीठ, तेल, मीठ, वर लसूण आणि तिखट. कुरकुरीत, पण दाताखाली येताच विरघळणारी. तिला चावावं लागत नाही, तिच्यात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे पोटात जागा कमी व्यापते. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात अर्धा पुडा संपतो. शंभर ग्रॅम शेवेत साधारण साडेपाचशे कॅलरी असतात. हा आकडा तुला घाबरवायला सांगत नाही. इतकं अन्न इतक्या कमी वेळात घशाखाली जाऊ शकतं, हे त्या पदार्थाचं वैशिष्ट्य आहे, एवढंच दाखवायचं आहे. वरणभाताच्या बाबतीत असं कुणाचं होत नाही.

2019 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी एक प्रयोग केला. वीस माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनवलेले तयार पदार्थ आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं शिजवलेलं अन्न. दोन्ही वेळा ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. तयार पदार्थांच्या आठवड्यांत हीच माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. त्या दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलोनं वाढलं, साध्या अन्नाच्या आठवड्यांत तितकंच उतरलं. माणसं तीच होती. त्यांचा निर्धार काही पंधरा दिवसांत बदलला नव्हता.

तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानातली ताजी शेव कारखान्याच्या व्याख्येत बसेलच असं नाही. पण त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठातल्या टेरा फॅझिनो यांनी हात न थांबणाऱ्या पदार्थांची जी लक्षणं मांडली, त्यात ती चपखल बसते. तेल आणि मीठ एकत्र, तेल आणि साखर एकत्र, किंवा पीठ आणि मीठ एकत्र, तेही ठरावीक प्रमाणाच्या वर. निसर्गात अशा जोड्या फारशा सापडत नाहीत. ऊस गोड असतो, पण त्यात तूप नसतं. शेंगदाण्यात तेल असतं, पण मीठ आपण लावतो. पेढा, खारी, वेफर्स, बाकरवडी, चॉकलेट, सगळे या जोड्यांचेच पदार्थ. म्हणून ‘मला शेवेपुढे आवरत नाही’ हे वाक्य तू लाजून म्हणू नकोस. ती एक माहिती आहे, आणि तिच्यावर पुढची सगळी व्यवस्था उभी करायची आहे.

आता तुझ्या दिवसाकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. तू लिहिलंस त्यावरून सकाळी चहा, दुपारी काकडी-गाजराचा डबा, मग शिफ्ट संपेपर्यंत कॉफी, आणि रात्री अकराला कॅबमधून उतरल्यावर खोलीत शेव. भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, पोळी एक. छोटी, दिवसभर उपाशी राहिलेल्या शरीरासमोर रात्री शेवेचा पुडा आला, तर ते दुसरं काय करणार?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना कसं सावरायचं, ते शोधण्यासाठी ही मुलं स्वेच्छेनं तयार झाली होती. चांगली शिकलेली, तत्त्वनिष्ठ मुलं. काही आठवड्यांत त्यांच्या मनात अन्नाशिवाय विषय उरला नाही. ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, जमवत. आणि पुन्हा हवं तेवढं खायला मिळालं तेव्हा त्यांतले काही जण प्रचंड खात, तरी त्यांना तृप्ती वाटत नसे. वर्गात हा प्रयोग शिकवताना मुलींच्या चेहऱ्यावर दरवेळी एक ओळख उमटायची. हे आपल्या घरातही घडतं, असं त्यांना वाटे.

तेव्हा पहिलं काम शेवेचं नाहीच, जेवणाचं आहे. सकाळी चहाबरोबर पोहे, दुपारी पोळी-भाजी, आमटी, थोडा भात, दही. पाचच्या सुमाराला काहीतरी पोटात जायलाच हवं, केळं किंवा मूठभर फुटाणे चालतील. आणि आठ-साडेआठला ऑफिसात नीट जेवायचं, ते घरी येईपर्यंत लांबवायचं नाही. अनावर खाण्यावर ज्यांनी उपचारपद्धती बसवली, त्या ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांचाही आग्रह आधी यावरच असतो: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन लहान खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. झोपेचंही तसंच. दोन रात्री चार-चार तास झोपलेल्या तरुणांची भूक वाढते आणि गोड, खारट, पिठाळ खाण्याची ओढ विशेष वाढते, हे 2004 सालच्या शिकागोतल्या एका अभ्यासात दिसलं आहे. शिफ्ट तुझ्या हातात नाही, पण घरी आल्यावर दीड वाजेपर्यंत फोन बघणं आहे.

हे सगळं जमलं तरी शेव राहतेच, हे मला माहीत आहे. काही पदार्थांपुढे पोट भरलेलं असूनही हात थांबत नाही. प्रत्येकाचा तो पदार्थ वेगळा असतो. आमची ताई, म्हणजे तुझी आई, चकलीचा डबा उघडते, एक चकली घेते, झाकण लावते. तिला ते जमतं, म्हणून तिला वाटतं सगळ्यांना जमावं. ‘थोडंच खायचं की’ हा सल्ला तिच्यासारख्यांसाठी खरा आहे. माझ्या घरात कंडेन्स्ड मिल्कचा डबा कित्येक वर्षं आलेला नाही आणि मला त्याची उणीव भासत नाही. थोडं खाण्यासाठी प्रत्येक घासाला नव्यानं ठरवावं लागतं. घरात नसलेल्या वस्तूबद्दल एकदाच ठरवलं की झालं.

आपल्या जुन्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं असं मला वाटतं. आषाढी एकादशीपासून वांगं बंद, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच सुरू. तुझी पणजी वांग्याच्या भरतासाठी जीव टाकायची, पण त्या जवळजवळ पाच महिन्यांत तिला वांगं आठवून कासावीस झालेलं मी पाहिलं नाही. काशीला जाऊन आलेली माणसं एखादं आवडतं फळ, एखादी भाजी कायमची सोडून येत. व्रतामागची श्रद्धा तुला पटो न पटो, त्याची रचना बघ. एकच पदार्थ सोडायचा, दहा नाहीत. कधीपासून कधीपर्यंत ते ठरलेलं असतं, आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत असतं, म्हणून कुणी वाढत नाही, कुणी आग्रह करत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वांग्याला कुणी विष म्हणत नाही. चंपाषष्ठीला तेच वांगं देवापुढे जातं.

तू केलंस ते याच्या नेमकं उलट. भात, बटाटा, केळं, साखर, गहू सगळं वाईट ठरवलंस, कुणाला सांगितलं नाहीस, आणि शेवेचा पुडा मात्र खोलीतल्या कपाटात ठेवलास. 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम खायला दिलं. एरवी पोटभर खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत मोजून-मापून खाणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर मग आजचा दिवस गेलाच, असं त्यांच्या मनानं घेतलं. नियम जितके जास्त, तितक्या वेळा ते मोडणार, आणि मोडले की पुडा संपणार.

म्हणून माझं सांगणं असं. भात खा, केळं खा, बटाटा खा. फक्त शेव (आणि तुझ्या अनुभवात तिच्या जोडीला आणखी एखादी वस्तू असेल तर ती) खोलीत आणायची नाही. दिवाळीपर्यंत. रूममेटला सांग, म्हणजे ती तुझ्यासमोर पुडा फोडणार नाही. अॅपमधल्या नेहमीच्या ऑर्डरच्या यादीतून ती काढून टाक. आमच्या लहानपणी हे सगळं आपोआप होत असे. चकली, शेव, चिवडा वर्षातून एकदा व्हायचे, त्यासाठी भाजणी दळून आणायची, घरातल्या दोन-तीन बायका दिवसभर कढईपुढे बसायच्या, आणि मग पत्र्याचे डबे वरच्या फळीवर जायचे. त्या पिढीला संयम जास्त होता असं मी मानत नाही. त्यांच्यात आणि फरसाणात मेहनत होती, ऋतू होता, आजीचा डोळा होता. आता दहा मिनिटांत दारात पुडा येतो. जे कुंपण बाहेर होतं ते गेलं, आणि त्याचं सगळं काम तुझ्या एकटीच्या मनावर पडलं, तेही दिवसभराच्या थकव्यानंतर रात्री अकराला.

शेव आयुष्यातून जाऊ दे, असं मी म्हणत नाही. ती मुळात कशावर तरी घालायची वस्तू आहे. पोह्यांवर, भेळेत, मटकीच्या उसळीवर आणि रश्श्यावर. मैत्रिणींबरोबर रविवारी मिसळ खायला जा आणि शेवेसकट खा. तिथे ताटलीला काठ असतो, समोर माणसं असतात, तोंडात उसळही असते. तीच शेव पुड्यातून, एकटीनं, फोन बघत खाल्ली की वेगळाच पदार्थ होते.

रात्री काहीतरी कुरकुरीत हवंच असं वाटलं तर टरफलासकट भाजलेल्या शेंगा ठेव. सोलाव्या लागतात, तेवढ्यानंही वेग उतरतो. ‘डाएट चिवडा’ आणि भाजलेले वेफर्स आणू नकोस. त्यांच्यावर चांगली नावं असली तरी त्यांत पीठ-मिठाची तीच जोडी असते, आणि बरं खातोय या समजुतीत दुप्पट जातात. पाकीट घेतलंस तर मागचं लेबल वाच: आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की तीस ग्रॅमच्या एका वाटणीचे, ते आधी बघ.

आणि एखाद्या रात्री पुडा संपलाच, तर दुसऱ्या दिवशी नाश्ता चुकवायचा नाही. ही गोष्ट मी हात जोडून सांगते. शिक्षा म्हणून उपास केलास की पुढची रात्र तू स्वतःच तयार करतेस. नेहमीसारखे पोहे खायचे आणि कामाला जायचं.

एक गोष्ट मात्र माझ्या पत्रानं सुटणारी नाही. असं खाणं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत असेल, त्या वेळी आपण थांबूच शकत नाही असं वाटत असेल, लाजेनं लपून खावं लागत असेल आणि नंतर स्वतःची किळस येत असेल, तर त्याला वैद्यकात नाव आहे. 2013पासून अनावर खाण्याचा विकार स्वतंत्र आजार म्हणून नोंदला जातो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. खाल्लेलं ओकून काढण्याचा विचार कधी मनात आला असेल तर तीन महिने थांबायचंही कारण नाही. अशा वेळी ‘अमुक पदार्थ सोड’ हा माझा सल्लाही बाजूला ठेवायचा. काहींना बंदीनंच ओढ वाढते, आणि त्यांना तो पदार्थ हळूहळू, सोबतीनं, न घाबरता खायला शिकवावं लागतं. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं. तोवर मनातलं बोलायला सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, 14416 या क्रमांकावर, कुठल्याही वेळी, मोफत. फोन करावासा वाटला तर कर आणि मलाही सांग. मी पुण्याला येऊन तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे बसेन.

ताईशी मी बोलणार आहे. प्रत्येक व्हिडिओ कॉलवर तुझे गाल, तुझे दंड, ‘आता स्थळं बघायची आहेत’ हे बंद व्हायला हवं. ती प्रेमानं बोलते हे मला कळतं, पण त्या बोलण्यानंतरच्या रात्री तुझ्या कशा जातात, हे तिला ठाऊक नाही. तू परवानगी दिलीस तरच पुड्याचं सांगेन, नाहीतर नुसतं वजनाचं बोलणं थांबवायला सांगेन.

तुझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रात्री साडेआठला गरम जेवण मिळतं का, की साडेसातलाच बंद होतं? खोलीवर शेगडी आहे की नुसती इंडक्शन? एवढं कळव. त्यावरून मुगाची खिचडी, थालीपिठाची भाजणी की मेतकूट-भात, यातलं काय तुला जमेल ते ठरवते आणि भाजणी, मेतकूट पुढच्या आठवड्यात पाठवते.

तुझी,
मावशी