नारिंगीवर निळा

आत्याच्या ट्रंकेत आतोबांचा एक नारिंगी स्वेटर कित्येक वर्षं पडून होता. पूर्ण बाह्यांचा, आत्यानेच विणलेला. तो घालून आतोबा गोदाकाठी फिरायला निघाले की पार पुलावरून ओळखू यायचे. आता कोपरांना कसर लागली होती, पण बाकीची लोकर धड होती. "ने, उसव," आत्या म्हणाली. "मला एक बंडी करून दे. रंग मात्र जरा पोक्त बघ." नाशकातली थंडी आणि आत्याचे गुडघे यांचं दर डिसेंबरात वाजतं, म्हणून मी दिवाळीनंतर लगेच कामाला लागले. त्या काळात जे शिकले ते असं.

१. उसवण्याआधी शिवण बघावी. हाताने विणलेल्या स्वेटरचे पाठ, पोट, बाह्या वेगवेगळ्या विणून मग शिवलेल्या असतात. शिवण सोडवली की एकेक भाग सलग सुटतो. तयार स्वेटर पुष्कळदा मोठ्या विणलेल्या पटातून कापून ओव्हरलॉक केलेले असतात. असा एक मी हौसेने उसवायला घेतला होता. दर ओळीला वीतभर तुकडे हातात आले, त्यांच्या उशा भरल्या. आणखी एक म्हणजे, उसवायचं ते टाके बंद केलेल्या टोकाकडून. जिथे टाके घातले त्या टोकाकडून सुरुवात केली की धागा पावलोपावली अडतो आणि आपण उगाच लोकरीवर चिडतो.

२. जाळून बघावं. हे आत्याचं वाक्य, आणि मी ते अर्धंच ऐकलं. लोकरीचा धागा ज्योतीत धरला की केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की तो आपोआप विझतो आणि मागे चुरडली जाणारी काळी राख राहते. बाजारात ज्याला सरसकट कॅशमिलॉन म्हणतात ते अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. मी पाठीचा धागा जाळून पाहिला, खात्री पटली. पण दोन्ही मनगटांची पट्टी आत्याने कधीतरी बदलली होती, ती कॅशमिलॉनची होती. लोकरीवर चढणारा आम्लाचा रंग त्यावर चढत नाही. पातेल्यातून सगळ्या लडी पोक्त होऊन निघाल्या आणि ही एक लड होती तशीच, भडक. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मग? मी म्हटलं होतं ना, सगळीकडचा जाळून बघ."

३. उसवलेला धागा शेवयांसारखा कुरळा असतो. तो तसाच विणला तर टाके वेडेवाकडे पडतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायच्या, चार ठिकाणी सैल बांधायच्या, कोमट साबणाच्या पाण्यातून काढून दांडीवर टांगायच्या. वाळेपर्यंत कुरळेपणा बराच उतरतो, डांबरगोळ्यांचा वासही जातो. "सैल" हा शब्द मी इथे दोनदा लिहायला हवा होता. जिथे आवळून बांधलं, तिथे आत रंग शिरत नाही.

४. खालचा रंग जात नाही, त्यात भर पडते. सगळ्यात महाग पडलेला धडा हाच. मला बाटलीसारखा हिरवा हवा होता. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा होतो हे शाळेत शिकले होते, आणि नारिंगी म्हणजे पिवळ्याचाच भाऊ असं मनाशी धरलं. पण नारिंगीत तांबडा असतो, आणि तांबडा, पिवळा, निळा तिन्ही एकत्र आले की मातकट तपकिरी ठरलेला. पातेल्यातून लडी वर काढल्या तेव्हा त्या पावसाळ्यातल्या रिक्षाच्या पायपुसण्यासारख्या दिसत होत्या. हातभर धागा तोडून आधी वाटीत रंगवून बघितला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं.

मागे येता येत नाही, फक्त आणखी गडद होता येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यावरच मरून चढवला, या वेळी वाटीत बघून. आमसुलासारखा रंग आला. ठरवून मला तो कधीच जमला नसता.

रंगाचा हिशेब कोरड्या लोकरीच्या वजनावर करतात. शंभर ग्रॅमला एक ग्रॅम पूड म्हणजे मध्यम छटा, दोन ग्रॅम म्हणजे गडद. उसवून, कसरीचं टाकून माझ्याकडे ३९० ग्रॅम उरली होती, तेव्हा चार ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला काटा यासाठी निरुपयोगी आहे. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा हवा.

५. उकळायचं नाही, शिजवायचं. स्टीलचं पातेलं घ्यावं आणि ते पुन्हा वरणाला वापरू नये. पूड कालवताना नाकाला रुमाल बांधावा. आधी भिजवलेल्या लडी कोमट पाण्यात सोडायच्या, शंभर ग्रॅमला पाव वाटी पांढरं व्हिनेगर घालायचं आणि आच हळूहळू वाढवत पाणी उकळीच्या अलीकडे अर्धा-पाऊण तास ठेवायचं. व्हिनेगरमुळे रंग लोकर धरून बसतो. पाणी जवळजवळ नितळ झालं की समजावं, झालं. मला अजूनही ती जादू वाटते: डोहासारखं गडद पाणी आणि तासाभराने तळाचं स्टील दिसतंय!

ढवळायचं मात्र नाही, आणि गरम लड नळाखाली तर अजिबात धरायची नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. अचानक थंड-गरम आणि वर चोळाचोळ झाली की ते एकमेकांत अडकतात आणि धाग्याचा नमदा होतो. माझी एक लड अशीच गेली. पातेल्यातच रात्रभर निवू द्यावं.

६. सुईचा नंबर कुणाचा ते विचारावं. नमुना मावसबहिणीने न्यू जर्सीहून पाठवला, "८ नंबरच्या सुया" असा. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. आपली ८ नंबर ४ मिलिमीटरची, अमेरिकेची ८ नंबर ५ मिलिमीटरची. वीस ओळी झाल्यावर पाठ माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला होईल एवढी दिसायला लागली. पुन्हा उसवलं. आता ५ मिलिमीटरच्या सुया आणि धागा दुपदरी. दोन लडींचे पदर एकत्र विणल्याने छटांमधला फरकही मिसळून गेला. एक सुलट, एक उलटची किनार, पुढे साधी वीण. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

७. गाठ मारू नये. खऱ्या लोकरीची दोन टोकं विसकटून, एकमेकांवर ठेवून, थुंकी लावून तळहातांत जोरात चोळली की ती जुळतात. थुंकी न चालणाऱ्यांनी पाणी घ्यावं. ज्या नमद्याने लड घालवली, तोच इथे उपयोगी येतो.

८. बंडी धुऊन सपाट वाळत घालावी. पहिल्या दोन धुण्यांत इतर कपड्यांपासून लांब.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आत्याला बंडी नेऊन दिली. नऊवारीवर चढवली, पुढून-मागून चाचपली. डाव्या काखेपाशी दोन टाके नारिंगी राहिले होते, माझ्या आवळलेल्या बांधणीचे. चष्मा न लावताही तिला ते दिसले. नख फिरवून बघितलं आणि म्हणाली, "रंग बरा आलाय. पण हा काय वाईट होता?"