वसई : खाडीकाठचे पोर्तुगीज नगर आणि माडांचा मुलूख

दादरच्या गोखले मार्गालगतचा परिसर आजही 'पोर्तुगीज चर्च' या नावानेच ओळखला जातो. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ साली येथे चर्च स्थापन केले. त्याची आजची वास्तू मात्र वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात रचलेली आहे. परळला ज्या इमारतीत १८९९ साली हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली, ती मुळात पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती मठ होती. मुंबईतील शाळांचे विद्यार्थी या खुणांजवळून रोज ये-जा करतात. परंतु ज्या नगरातून या बेटांचा कारभार चालत असे, ते दादरपासून लोकल गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, याची जाणीव थोड्यांनाच असते. ते नगर म्हणजे वसई.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची सात बेटे त्या मुलखातच मोडत होती. पुढे दोनशे वर्षे वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील प्रदेशाचे मुख्य ठाणे राहिले. उल्हास नदीचा उत्तरेकडील फाटा जेथे वसईच्या खाडीच्या रूपाने समुद्रास मिळतो, त्या मुखावरच हे नगर वसविण्यात आले. किल्ला हा शब्द येथे काहीसा दिशाभूल करणारा आहे. सुमारे ११० एकरांच्या या तटबंदीच्या आत चर्च, मठ, रुग्णालय, बाजार, न्यायासन आणि सरदारांची घरे होती. दहा बुरुजांनी संरक्षिलेले ते एक संपूर्ण शहर होते.

अभ्याससहलीने खाडीकडील दरवाजापासून आरंभ करावा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या भाईंदर-वसई रो-रो सेवेने आल्यास नगर पाण्यावरून कसे दिसत असेल, याची कल्पना येते. दरवाजातून आत येताच सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा दृष्टीस पडतो. जेझुइटांच्या चर्चचे दर्शनी बांधकाम अद्याप उभे आहे. तेथील दगडाकडे मुलांचे लक्ष अवश्य वेधावे. वसईचा काळा दगड जहाजांतून गोव्यास नेला जात असे, आणि जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भागात तो वापरलेला आहे. जपानमध्ये नागासाकी येथे १५९७ साली क्रुसावर बलिदान दिलेले आणि १८६२ मध्ये संतपद लाभलेले गोन्सालो गार्सिया हे याच वसईत जन्मलेले. आतील नागेश्वर महादेवाचे आणि वज्रेश्वरी देवीचे मंदिरही पाहावे.

चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात हे नगर जिंकले. सुरुंगांनी सेबॅस्टियन बुरूज फोडल्याची कथा मार्गदर्शक रंगवून सांगतात, आणि ती सांगावयासच हवी. तहाप्रमाणे पोर्तुगीजांना कुटुंबांसह व शस्त्रांसह निघून जाऊ देण्यात आले. चर्चमधील घंटा मराठी सरदारांनी देवालयांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ सालची घंटा त्यांपैकीच मानली जाते. नाशिक आज द्राक्षांचा व द्राक्षमद्याचा जिल्हा म्हणून देशभर ओळखला जातो. एका मद्योत्पादक देशाच्या चर्चची घंटा तेथे वाजावी, हा एक गमतीचा योगायोग आहे.

बहुतेक सहली येथेच संपतात. भग्न कमानीखाली छायाचित्र काढले, डबे उघडले, की मंडळी परतीच्या बसकडे वळतात. प्रस्तुत लेखकाच्या मते अभ्यासाचा खरा भाग तटाबाहेर सुरू होतो.

तटाबाहेरचा माड

पोर्तुगालमधील पोर्तो हे शहर दोरू नदीच्या मुखाशी आहे. त्याचे द्राक्षमळे मात्र नदीने बरेच आत, डोंगरउतारांवर आहेत. पिंपे होड्यांत घालून नदीमार्गे शहरासमोरील गाया येथील कोठारांत आणीत. त्या मद्यप्रदेशाची सीमा सरकारने १७५६ सालीच आखून दिली होती. द्राक्षमद्य टिकते, प्रवास करते, म्हणून मळा शहरापासून दूर असला तरी चालते. माडाचा रस टिकत नाही. पहाटे उतरविलेला गोड रस दुपारपर्यंत फसफसू लागतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट होतो. म्हणून कोकणपट्टीवरील प्रत्येक बंदराला आपला माडांचा मुलूख अगदी उंबरठ्याशी लागत असे. वसईला तो भोवतालच्या वाड्यांत होता, मुंबईला माहीम, दादर आणि गिरगावच्या माडांत. ताडदेवसारख्या नावात त्या काळाची खूण उरली आहे.

याचा लेखी पुरावाही आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५५० च्या दशकात मुंबईचे बेट खंडाने घेतले होते. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथात त्यांनी माडाचे, त्यातून निघणाऱ्या सुरेचे आणि ती ऊर्ध्वपातित करण्याच्या रीतीचे वर्णन केले आहे.

रस काढण्याची रीत सोपी भासली तरी तिला कौशल्य लागते. न उमललेली पोय दोरीने घट्ट बांधावयाची, काही दिवस हलक्या हाताने ठेचावयाची, मग तिचे टोक धारदार कोयतीने कापून खाली मडके अडकवावयाचे. सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून मडके रिते करावे लागते, आणि प्रत्येक वेळी पोयीचा पातळसा काप काढावा लागतो, अन्यथा रस आटतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबण्याची क्रिया रोखली जाते, ती नीरा. चुना नसेल तर माडी. भंडारी समाजाने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. मुंबई अबकारी कायद्याने १८७८ पासून माड छेदण्यावर परवान्याचे कडक नियंत्रण आले, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ते अधिकच आवळले गेले. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील नीरा केंद्रे जुन्या वाचकांना आठवत असतील. कायद्याचे प्रयोजन मान्य करूनही एवढे म्हणावेसे वाटते की, माडावर चढणारा माणूस नाहीसा झाला, तर नारळ उतरविणाराही मिळेनासा होतो.

गोडे पाणी

वसईच्या वाड्यांत माडाबरोबरच केळी, पान, भाजी आणि फुले पिकतात. येथील सुकेळी प्रसिद्ध आहेत. रेल्वे १८६४ च्या सुमारास आली आणि हा नाशवंत माल मुंबईच्या दारी पोचू लागला. दादरच्या बाजारात पहाटे उतरणाऱ्या फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्यांचे वसईशी नाते जुने आहे.

ही सारी हिरवाई जमिनीखालील गोड्या पाण्याच्या पातळ थरावर उभी आहे. समुद्रालगतच्या जमिनीत खारे पाणी खाली असते व पावसाचे गोडे पाणी त्यावर तरंगते. उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते. पूर्वजांनी यावर केलेला उपाय म्हणजे बावखल, अर्थात वाडीत खोदलेले खोलगट तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते आणि विहिरींना जिवंत ठेवते. वसईतील जमिनी बांधकामासाठी खुल्या होऊ लागल्या आणि विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, तेव्हा १९८० च्या दशकाअखेरीस हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. पुढे २०२० साली उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात अग्रभागी होते. तरीही अनेक बावखले बुजविली गेली आहेत. तटबंदी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. बावखलाला तसे संरक्षण नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखाद्या वाडीत, मालकाच्या अनुमतीने, तासभर अवश्य न्यावे. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात मचूळ होते, ते पूर्वी केव्हा होत असे, बावखल कोणी खोदले, कोणी बुजविले, हे प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारावेत आणि उत्तरे तारखेसह वहीत टिपावीत. किनारपट्टीवरील ग्रामपंचायतींना अशी नोंद आपापल्या गावी करता येईल. गावनकाशावर प्रत्येक तळे आणि विहीर दाखविणे हे त्याचे पहिले पाऊल ठरेल.

वसई रोड स्थानकापासून किल्ला सुमारे सात किलोमीटर असून बस व रिक्षा मिळतात. आत पिण्याच्या पाण्याची सोय धरून चालू नये. भिंतींवर व जिन्यांवर मुलांना चढू देऊ नये, कारण बांधकाम ठिकठिकाणी खिळखिळे झाले आहे. वाडी पाहावयाची असेल, तर सकाळी लवकर निघणे उत्तम. उन्हे चढण्यापूर्वी फुले तोडून झालेली असतात, आणि माडावरून माणूस खाली उतरलेला असतो.