कोण जिंकेल आणि कोणी जिंकावं

जानेवारी उजाडला की आमच्या सिनेमावेड्या कंपूत एकच चर्चा सुरू होते: यंदा ऑस्करचा सर्वोत्कृष्ट अभिनेता कोण? मार्चपर्यंत याद्या होतात, खोडल्या जातात, पुन्हा होतात. लॉस एंजेलिसमध्ये रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवार उजाडत असतो, आणि कंपूतले सगळे चहा घेऊन टीव्हीसमोर असतात. या नादातून जे पक्कं कळलं ते इथे क्रमाने मांडतो. ज्यांना यंदा पहिल्यांदा अंदाज बांधायचे आहेत त्यांना ते उपयोगी पडावं.

१. दोन याद्या करा आणि त्या वेगळ्या ठेवा.
एक यादी ‘कोण जिंकेल’ याची, दुसरी ‘कोणी जिंकावं’ याची. पहिलीत मतदारांचं मन ओळखायचं असतं, दुसरीत अभिनय जोखायचा असतो. सरमिसळ झाली की अंदाजही चुकतो आणि रसिकताही बोथट होते. पीटर ओटूलला आठ नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही; २००३ मध्ये मानद ऑस्कर तेवढं दिलं गेलं. म्हणून ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तलं त्याचं काम तसूभरही उणं ठरत नाही.

२. मतदानाची पद्धत समजल्याशिवाय अंदाज बांधू नका.
अभिनयाच्या नामांकनांसाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीतले फक्त अभिनेते मत देतात, तेही पसंतिक्रमाने. आपल्या विधान परिषदेची निवडणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे गणित लगेच उमगेल. जागा पाच, त्यामुळे कोटा एकूण मतांच्या सहाव्या हिश्श्याहून किंचित जास्त. इथे सगळ्यांची चौथी पसंती असून काही साधत नाही. थोड्यांची का होईना, पण पहिल्या पसंतीची मतं हवीत. २०२३ मध्ये ‘आफ्टरसन’च्या पॉल मेस्कलला अभिनेत्यांच्या संघटनेने, म्हणजे ‘सॅग’ने, नामांकन दिलं नव्हतं; ऑस्करने दिलं. २०२५ मध्ये ‘द अप्रेंटिस’च्या सेबास्टियन स्टॅनच्या बाबतीतही हेच झालं. दोघांनाही मनापासून मानणारे मतदार होते.

अंतिम फेरीत मात्र अकादमीचे सगळे सदस्य मत देतात आणि ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, निम्म्याहून जास्त असण्याची अट नाही. म्हणून नामांकन कोणाला आणि पुरस्कार कोणाला, हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात.

३. आधीचे पुरस्कार मोजू नका, ते कोण देतं ते पाहा.
गोल्डन ग्लोब पत्रकार देतात, क्रिटिक्स चॉइस समीक्षक देतात. यांतल्या कोणालाही त्या नात्याने ऑस्करला मत नसतं. सॅग आणि ब्रिटनचा बाफ्टा यांचे काही मतदार मात्र अकादमीतही असतात. २००५ ते २०१६ अशी सलग बारा वर्षं सॅगचा सर्वोत्कृष्ट अभिनेता तोच ऑस्करचाही ठरला. पुढे २०१७, २०२१ आणि २०२५ मध्ये दोघांची निवड वेगळी झाली, आणि तिन्ही वेळा ऑस्करविजेत्याच्या हाती आधी बाफ्टा आलेला होता: केसी अॅफ्लेक, अँथनी हॉपकिन्स, एड्रियन ब्रोडी. २०१६ नंतर अकादमीने अमेरिकेबाहेरचे सदस्य मोठ्या संख्येने घेतले, हे त्यामागचं एक कारण मला दिसतं. पण बाफ्टालाही प्रमाण मानून चालत नाही. २०२३ मध्ये बाफ्टा ऑस्टिन बटलरला मिळाला आणि ऑस्कर मिळालं सॅग जिंकलेल्या ब्रेंडन फ्रेझरला.

मतदार बदलला की निकाल बदलतो, याचं एक उदाहरण आपल्या घरचंच आहे. ‘गांधी’साठी बेन किंग्जलेला बाफ्टा आणि ऑस्कर दोन्ही मिळाले. त्याच चित्रपटातल्या कस्तुरबांसाठी रोहिणी हट्टंगडींना सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा विभागून मिळाला, पण ऑस्करच्या नामांकनांत त्यांचं नाव नव्हतं.

४. खऱ्या माणसाची भूमिका असेल तर पारडं जड धरा, पण तेवढ्यावर थांबू नका.
कपोटी, इदी अमीन, सहावे जॉर्ज, लिंकन, हॉकिंग, चर्चिल, फ्रेडी मर्क्युरी, ओपनहायमर: गेल्या वीसेक वर्षांतली ही ऑस्करविजेत्या भूमिकांची अपुरी यादी. मूळ माणूस लोकांना ठाऊक असला की नटाने घेतलेली मेहनत मतदाराला सहज दिसते. पण हुबेहूब दिसणं म्हणजे अभिनय नव्हे. ‘ओपनहायमर’मध्ये हिरोशिमानंतरचं सभागृहातलं भाषण बघा. समोर लोक पाय आपटत जल्लोष करताहेत, तोंडून विजयाची वाक्यं बाहेर पडताहेत, आणि किलियन मर्फीच्या डोळ्यांत त्या वाक्यांवरचा विश्वास उरलेला नाही. तिथे नक्कल संपते आणि भूमिका सुरू होते.

५. ‘आता याला द्यायलाच हवं’ ही भावना खरी असते, पण पुरेशी नसते.
पॉल न्यूमनला ‘द कलर ऑफ मनी’साठी, अल पचिनोला ‘सेंट ऑफ अ वुमन’साठी ऑस्कर मिळालं, तेव्हा मतदार जुनं देणंही फेडत होते. दोघांनीही त्याआधी याहून मोठी कामं केली होती. पण २०२१ आठवा. चॅडविक बोसमन आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेला होता. ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’मधलं त्याचं काम अस्सल होतं, सॅगही त्यालाच मिळालं होतं. सोहळ्यात या पुरस्काराची घोषणा प्रथेबाहेर अगदी शेवटी ठेवली गेली. नाव निघालं ८३ वर्षांच्या हॉपकिन्सचं, आणि तो सभागृहात नव्हता.

अनेकांना तो अन्याय वाटला, आणि ती हळहळ मी समजू शकतो. पण ‘द फादर’मधला एकच प्रसंग पाहा. नवी मदतनीस मुलगी आल्यावर म्हातारा खुलतो, आपण टॅप डान्सर होतो म्हणून थापा मारतो, दोन पावलं नाचूनही दाखवतो. ती हसते, आणि त्याच हसण्यावरून तो तिला इतकं लागेल असं बोलतो की खोलीतली हवाच बदलते. आवाज चढत नाही. माणूस आतून निसटत चाललाय हे आपल्याला त्या एका वळणावर कळतं.

६. मतदान संपेपर्यंत चित्रपटाची हवा कुठे आहे ते बघत राहा.
२००३ मध्ये चर्चा होती जॅक निकल्सन आणि डॅनियल डे-लुईस यांची. सॅग आणि बाफ्टा दोन्ही डे-लुईसकडे होते. पण फेब्रुवारीअखेर ‘द पियानिस्ट’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा बाफ्टा घेतला, आणि ऑस्करच्या रात्री दिग्दर्शन, पटकथा आणि अभिनय हे तिन्ही पुरस्कार नेले. त्यातला २९ वर्षांचा ब्रोडी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या पुरस्काराचा सर्वांत तरुण विजेता ठरला. २०२५ मध्ये टिमोथी शालामे हा विक्रम मोडू शकला असता. त्याला हरवलं ते ‘द ब्रुटलिस्ट’च्या ब्रोडीनेच.

७. पाचही भूमिका पूर्ण बघा.
अंतिम फेरीत मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असलेच पाहिजेत, असा नियम अकादमीने २०२५ मध्ये केला. तो आपणही पाळावा. दोन मिनिटांच्या तुकड्यांत रडणं-ओरडणं दिसतं, भूमिका दिसत नाही. समोरचं पात्र बोलत असताना नट काय करतो, तिकडे लक्ष द्या. कस तिथे लागतो.

माझ्या लेखी अंदाज बांधण्याचा खरा लाभ हाच आहे. पैज कोणीही जिंको, दरवर्षी पाच मोठी कामं आपण बारकाईने पाहतो, त्यांवर भांडतो, आपलं मत कारणांसह मांडायला शिकतो. एकदा ही नजर आली की ती ऑस्करपुरती राहत नाही. आपल्या मराठी नाटकात दोनच प्रवेशांसाठी येऊन जाणारा नटही मग नीट दिसू लागतो, आणि त्याला दाद द्यायला कुठल्या पुरस्काराची वाट पाहावी लागत नाही.