जुनी बोलेरो घाटात घालण्याआधी

आज फवारणीचं नाही, गाडीचं.

घाट उतरून वाशी मार्केटला माल नेताय? आधी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतला ओलावा ओढतं. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. दोन वर्षं झाली असतील तर नुसती भर घालू नका, पूर्ण बदला.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे आपल्यात बरेच आहेत. एक-दोनदा ब्रेक दाबला की बूस्टरची मदत संपते, पेडल दगडासारखं होतं. न्यूट्रलही नको. ज्या गियरला चढता, त्याच गियरला उतरा.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर लोडला नको.

पेडल मऊ लागतंय? गाडी काढू नका, ग्रुपवर कळवा. माल टेम्पोत घेऊ.