लिनक्सवर स्क्रीन शेअर होत नाही? आधी कुठे बघायचं



दहावीच्या मुलांसाठी मी रविवारी सकाळी ऑनलाइन शंका-तास घेते. त्या दिवशी 'वर्तुळ' प्रकरण होतं. जिओजेब्रावर स्पर्शिकेची आकृती तयार करून ठेवली होती. बिंदू सरकवला की स्पर्शिका कशी फिरते ते दाखवायचं होतं. स्क्रीन शेअर केली आणि उत्साहानं बोलायला लागले. पाचेक मिनिटांनी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, काहीच नाही दिसून राहिलं. नुसतं काळं काळं."

माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. मुलांकडे काळा पडदा. शेवटी कागदावर आकृती काढून कॅमेऱ्यासमोर धरली.

आता हा प्रश्न माझ्या एकटीचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. आपल्यापैकी अनेकांचे जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. चालू स्थितीतलं मशीन टाकून कसं द्यायचं? बर्डीवर जाऊन नवा लॅपटॉप घेणं प्रत्येक घराला परवडत नाही. म्हणून आमच्या काही पालकांनी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलं. मराठी टायपिंग, ब्राउझर, लिबरऑफिस सगळं चालतं, पण स्क्रीन शेअरपाशी गाडी अडते आणि मग घरात वाक्य ऐकू येतं, "तुला सांगितलं होतं ना, हे फुकटचं काही कामाचं नाही!" हे ऐकून मुलं गप्प बसतात. माझ्या मते दोष फुकटचा नाही. काय घडतंय ते एकदा कळलं की बहुतेक वेळा दहा मिनिटांत मार्ग निघतो.

काळा पडदा का दिसतो

लिनक्सवर खिडक्या पडद्यावर मांडण्याचं काम वर्षानुवर्षं 'एक्स' नावाची व्यवस्था करायची. ती १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली. तिच्यात एक मोकळेपणा होता: चालू असलेला कुठलाही प्रोग्राम संपूर्ण पडदा वाचू शकायचा, कुणाला विचारायची गरज नव्हती. स्टाफरूममधलं कपाट कायम उघडं असावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं कुणाचीही उत्तरपत्रिका चाळावी, तसं. सोयीचं, पण धोक्याचं.

२००८ मध्ये सुरू झालेल्या 'वेलँड' या नव्या व्यवस्थेनं ते कपाट बंद केलं. इथे एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी दिसतच नाही. पडदा दाखवायचा असेल तर रीतसर अर्ज करावा लागतो. तो अर्ज घेणाऱ्या खिडकीचं नाव 'पोर्टल'. पोर्टल तुम्हाला विचारतं, "काय दाखवू? पूर्ण पडदा की एकच खिडकी?" तुम्ही हो म्हटलंत की 'पाइपवायर' नावाचा दुवा ते चित्र मीटिंगच्या प्रोग्रामपर्यंत पोचवतो.

म्हणजे मीटिंगचा प्रोग्राम, पोर्टल आणि पाइपवायर हे तिघं जागेवर असले तरच चित्र जातं. प्रोग्राम जुना असेल आणि अर्ज न करता थेट पडदा वाचायला गेला, तर त्याच्या हाती काळोख लागतो. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. कित्येक महिने अपडेट न केलेलं अ‍ॅप मी वापरत होते.

एक खूण लक्षात ठेवा. शेअर करताना खिडक्यांच्या यादीत दोन-तीनच खिडक्या दिसत असतील आणि बाकीच्या उघड्या असूनही गायब असतील, तर प्रोग्राम जुन्या पद्धतीनंच बघतोय. वेलँडमध्ये जुन्या प्रोग्रामांसाठी एक वेगळी खोली ठेवलेली असते. त्या खोलीतल्यांना फक्त एकमेकांचीच तोंडं दिसतात.

तपासायचं कसं

सगळ्यात आधी लिनक्सला बाजूला ठेवा आणि मीटिंग कुणी सुरू केली आहे ते बघा. यजमानानं इतरांचं शेअरिंग बंद ठेवलं असेल तर आपण लॅपटॉपवर कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. आमच्याकडे एका पालकांनी अख्खी प्रणाली दुसऱ्यांदा टाकली, आणि कारण निघालं हे!

मग आपला लॅपटॉप वेलँडवर आहे की एक्सवर, ते पाहा. उबुंटूत सेटिंग्जमध्ये 'अबाउट'च्या पानावर 'विंडोइंग सिस्टिम' अशी ओळ असते. नव्या आवृत्तीत ती 'सिस्टिम डिटेल्स'च्या आत गेली आहे. उबुंटू २१.०४ पासून बहुतेक मशीनवर वेलँड आपोआप निवडलेलं असतं. लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती मात्र अजून मुळात एक्सवरच सुरू होते, त्यामुळे मिंटवाल्यांना हा त्रास सहसा होत नाही. नवख्या पालकांना मी मिंट सुचवते, त्यामागे हेही एक कारण आहे.

वेलँड निघालं तर आधी अपडेट करा, प्रणाली आणि मीटिंगचं अ‍ॅप दोन्ही. त्यानं भागलं नाही तर अ‍ॅप सोडा आणि तीच मीटिंग ब्राउझरमधून जॉइन करा. आजचे क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही पोर्टलशी नीट बोलतात. इथे एका ठिकाणी पुष्कळ लोक चुकतात. आधी ब्राउझर परवानगी विचारतो आणि त्यानंतर प्रणालीची स्वतःची खिडकी येते. "एकदा तर हो म्हटलं, पुन्हा काय?" असं म्हणत आपण दुसरी खिडकी बंद करतो आणि शेअर रद्द होतं. दुसरी खिडकी हीच पोर्टलची. तिथे काय दाखवायचं ते निवडून मगच शेअर दाबायचं.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, खिडकीसुद्धा आली नाही, तर पोर्टल अडकलं आहे किंवा मशीनवर नाहीच. लॉगआउट करून पुन्हा आत या, बऱ्याचदा तेवढ्यानं ते जागं होतं. नाही झालं तर सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याला सांगा की 'एक्सडीजी डेस्कटॉप पोर्टल' आणि त्याचा आपल्या डेस्कटॉपला जुळणारा भाग, म्हणजे ग्नोमसाठी ग्नोमचा आणि केडीईसाठी केडीईचा, दोन्ही आहेत का ते बघ. नुसतं "स्क्रीन जात नाही" म्हणण्यापेक्षा हे वाक्य सांगितलं की समोरच्याचा निम्मा वेळ वाचतो.

तास पाच मिनिटांवर आला असेल आणि हे सगळं करायला वेळ नसेल तर? उबुंटू २२.०४ किंवा २४.०४ असेल तर लॉगआउट करा, आपल्या नावावर क्लिक करा आणि पासवर्ड टाकण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यातलं दातेरी चाक दाबा. तिथे 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडून आत या. जुनी व्यवस्था सुरू होते आणि जुनं अ‍ॅपही चालतं. पण याची सवय लावून घेऊ नका, २५.१० पासून ही सोय काढून टाकली आहे.

त्याहून सोपी युक्ती क्रोमची. पडदा शेअर न करता फक्त 'टॅब' शेअर करा. टॅब क्रोमच्या स्वतःच्या घरातला, त्यासाठी त्याला पोर्टलकडे जावंच लागत नाही. पीडीएफ, जिओजेब्रा, व्हिडिओ सगळं टॅबमध्ये उघडतं. शिवाय टॅबसोबत आवाज पाठवण्याची खूणही तिथेच असते. फायरफॉक्समधून शेअर करताना व्हिडिओचा आवाज जात नाही, हे लक्षात असू द्या. नाहीतर मुलं मूकपट बघत बसतात.

स्लाइड पुढे सरकत नाही

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की वेगळी लिहिते. लिबरऑफिस इंप्रेसची खिडकी आपण शेअर करतो आणि मग स्लाइड शो सुरू करतो. शो सुरू होताना एक नवीनच खिडकी पूर्ण पडदाभर उघडते. मुलांना मात्र जुनीच, मागची खिडकी दिसत राहते. आपण सातव्या स्लाइडवर, मुलं पहिलीवर! यावर उपाय इंप्रेसमध्येच आहे. 'स्लाइड शो सेटिंग्ज'मध्ये जाऊन पूर्ण पडद्याऐवजी 'खिडकीत' दाखवायचा पर्याय घ्या, शो सुरू करा आणि मग ती खिडकी शेअर करा. मी तर आता सरळ पीडीएफ करून टॅब शेअर करते. आणि शेअर केलेली खिडकी खाली मिटवू नका, चित्र तिथेच गोठतं.

पूर्ण पडदा का टाळायचा

एकदा घाईत मी पूर्ण पडदा शेअर केला आणि खिडकी बदलताना परीक्षा शुल्क बाकी असलेल्या मुलांची यादी उघडी पडली. जेमतेम अर्धं मिनिट. त्या यादीतली एक मुलगी तासातून निघून गेली. दुपारी तिच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, तिनं आता ऑनलाइन नाही बसणार म्हटलं." पुढचे दोन रविवार ती आली नाही. ती चूक कुठल्या सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. पोर्टलची ती दुसऱ्यांदा विचारणारी खिडकी, जिच्यावर आपण वैतागतो, तिथेच 'एकच खिडकी' निवडली असती तर हे झालं नसतं. तेव्हापासून सूचना बंद केल्याशिवाय आणि खिडकी निवडून घेतल्याशिवाय मी तास सुरू करत नाही.

आणखी एक सवय मी लावून घेतली आहे. तासाच्या पंधरा मिनिटं आधी त्याच मीटिंगमध्ये माझ्या फोनवरून दुसऱ्यांदा जॉइन होते. फोनचा माइक आणि स्पीकर बंद ठेवायचे, नाहीतर आवाज घुमतो. फोन लॅपटॉपशेजारी उभा करून ठेवला की मुलांना जे दिसतंय तेच आपल्यालाही दिसतं. पालकहो, शाळेच्या प्रकल्पासाठी तुमच्या मुलाला स्क्रीन दाखवायची असेल तेव्हा हा दुसरा फोन तुम्ही हातात धरा. तुम्हाला लिनक्स येत नसलं तरी चालेल. "दिसून राहिलं" की "नाही दिसून राहिलं", एवढं सांगितलंत तरी त्याचं काम होतं.