अण्णांची पेटी उघडताना

सई,

माळ्यावरची अण्णांची हत्यारांची पेटी तू पुण्याला नेलीस, हे ऐकून किती बरं वाटलं ते फोनवर नीट सांगता आलं नाही. पण लगेच पॉलिश पेपर घेऊन बसू नकोस. चहा निवायची वाट न बघता जीभ भाजून घेणारी पोर तू, म्हणून हे आधी वाच. रत्नागिरीच्या पावसात इतकी वर्षं काढलेलं लोखंड आणखी चार दिवस थांबेल.

१. पहिल्या दिवशी फक्त फोटो काढ आणि रॉकेलच्या फडक्याने मळ पूस – कोणता भाग कोणत्या तोंडाने बसतो ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि मळाखाली बनवणाऱ्याचा शिक्का असतो. मोठ्या करवतीवर ‘शेफिल्ड’ ही अक्षरं अजून पुसट दिसतात. तिथे तारेचा ब्रश लावू नकोस.

२. तांबडा गंज काढायचा, काळा राहू द्यायचा – तांबडा भुसभुशीत असतो, ओलावा धरून आत आत खात जातो. काळा थर मात्र लोखंडाला घट्ट बसून त्याला सांभाळतो. मी नेहमी म्हणतो, गंज परत येतो, लोखंड येत नाही.

३. अडकलेल्या स्क्रूवर तेल सोडून रात्रभर ठेव, आणि सकाळी आधी किंचित आवळून मग उलटा फिरव – आवळताना गंजाची पकड सुटते. स्क्रू-ड्रायव्हरचं तोंड खाचेत गच्च बसेल असं घासून घे. सैल बसलं की खाच खाल्लीच म्हणून समज.

४. लहान सुट्या भागांना लिंबूफूल पुरतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम टाक, काही तास बुडव, आणि अधूनमधून बाहेर काढून ब्रशने घास – विसरून गेलीस तर गंज संपल्यावर आम्ल लोखंडाला लागतं आणि सगळं करडं, खरबरीत होतं.

५. त्या पाण्यात पितळ टाकू नकोस – आम्ल पितळेतलं जस्त ओढून घेतं आणि ते तांबूस पडतं. करवतीच्या मुठीतले तीन स्क्रू पितळी आहेत, ते आधी काढून ठेव.

६. संडास धुवायचं ॲसिड तर घरातच वापरू नकोस – त्याच्या वाफेने खोलीतली चांगली हत्यारंही गंजतात, आणि तुझी छाती भरेल ती वेगळीच.

७. आम्लातून काढलेली वस्तू खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडव, धू, पूस, केस वाळवायच्या यंत्राने गरम कर आणि लगेच तेल लाव. मध्ये फोन घेऊ नकोस, माझा आला तरी – घासून उघडं झालेलं ओलं लोखंड काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होतं. ओलं ठेवलं, गंजाला जेवू घातलं.

८. मोठा व्हाइस बादलीत मावणार नाही, त्याला विजेचा उपाय. प्लास्टिकच्या टबात पाणी, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. हत्यार ऋण टोकाला, भंगार लोखंडाची पट्टी धन टोकाला – उलटं जोडलंस तर हत्यारच झिजेल.

९. ती पट्टी स्टेनलेस स्टीलची नको – त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. टब गॅलरीत ठेव – बुडबुडे निघतात त्यात हायड्रोजन असतो, ठिणगीला तो भडकतो. पाण्यात हात घालण्याआधी चार्जरचं बटण बंद.

१०. व्हाइसचा जुना हिरवा रंग कोरडा घासू नकोस, ओला करून खरवड आणि तोंडाला मास्क बांध – त्या काळच्या रंगात बरेचदा शिसं असे.

आता धारेचं. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे.

एकोणिसाव्या वर्षी मी अण्णांची पाऊण इंची पटाशी न विचारता ग्राइंडरवर धरली. लवकर उरकेल असं वाटलं होतं. धारेच्या कडेला आधी वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला, मग तपकिरी, मग जांभळा. दिसायला इतका सुंदर, की मी बघतच राहिलो, आणि टोक निळं झालं. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापल्याची ती खूण. लोहाराने दिलेलं पाणी उतरलं. त्यानंतर सागवानात दोन खाचा मारल्या की तिची धार वळायची. अण्णा रागावले नाहीत. तीन संध्याकाळी अंगणात बसून, दगडावर पाणी शिंपडत, त्यांनी तो निळा भाग हाताने घासून काढला. मी शेजारी कंदील धरून बसलो होतो. पेटीतली सगळ्यांत आखूड पटाशी आहे ना, तीच ती.

११. म्हणून ग्राइंडर लावायचाच झाला तर शेजारी पाण्याची वाटी ठेव, आणि बोटाला चटका बसायच्या आत पातं बुडव – रंग दिसेपर्यंत थांबलीस तर उशीर झालेला असतो. वाटीत पाणी, तर पात्यात पाणी.

१२. पटाशीची सपाट पाठ आधी, उतार नंतर – धार म्हणजे दोन बाजू जिथे भेटतात ती रेघ; पाठीला खड्डा असेल तर रेघही तुटकी. सगळी पाठ चमकवायची गरज नाही, टोकाकडची दोन बोटं पुरेत. उतार २५ ते ३० अंशांत ठेव.

१३. लोखंडी रंध्याचा तळ जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून सपाट कर. पातं आत ओढलेलं, पण जागेवर आवळलेलं असू दे – आवळल्यावर रंध्याचं अंग केसभर वाकतं, आणि आपल्याला तळ सरळ हवा तो कामाच्या वेळी.

१४. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं उमललं असेल तर त्या पाकळ्या घासून टाक – पुढच्या घावाला त्यातलीच कपची डोळ्यात उडते. चष्मा मात्र घासतानाही लाव, ठोकतानाही.

१५. कानस मुठीशिवाय हातात धरू नकोस – अडकून सटकली की मागचं टोक तळव्यात जातं. वापरण्याआधी दातांवर खडू फिरव – भुसा दातांत बसत नाही.

१६. लाकडी मुठींना वॉर्निश नको, जवसाचं तेल चोळ – वॉर्निशने हाताला फोड येतात, तेल लाकडात मुरतं.

१७. पण तेलाच्या त्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, उघड्या पसरून दोरीवर वाळव – जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळ्यात ती ऊब कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. मी एकदा असा बोळा उचलला तेव्हा तो ताज्या भाकरीइतका गरम होता. अजून आठवलं की हात मागे येतो.

१८. लोखंडाला शिलाई मशीनचं तेल लाव, शेंगदाण्याचं नको – खायचं तेल काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरून बसतं. काम झालं की धरलेल्या जागा आधी पूस – घामातलं मीठ बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजात उमटवतं.

१९. खंडेनवमीला पेटी जरूर पूज, पण दसऱ्याला सोनं वाटायला बाहेर पडण्याआधी हळदकुंकू पुसून तेलाचा हात फिरव – ओल्या कुंकवाखालचं लोखंड सर्वांत आधी गंजतं. रंध्याच्या उजव्या कुशीवर बोटाच्या टोकाएवढे पाच काळपट डाग दिसतील. तुझी आजी दरवर्षी तिथेच कुंकू लावायची. खड्डे उथळ आहेत, कामात आड येत नाहीत. ते घासू नकोस.